लाघव आणि गौरव

मोटारीच्या छपरांतील कांचेची खिडकी काढून त्या जागीं कार्बन-तंतूची हलकी पाटी बसवावी कीं बसवूं नये, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत चर्चिलेला आढळणार नाहीं; आणि एका प्राध्यापकानें त्यावर मासिकाचीं चारसहा पानें खर्चीं घालावीं, हें कित्येक वाचकांस वेळेचा अपव्यय वाटण्याचाहि संभव आहे. परंतु नीतीचे प्रश्न आपल्या घरीं येतात ते बहुधा असाच क्षुल्लक वेष घेऊन येतात. सत्य बोलावें कीं कोणाचा प्राण वांचवावा, असला पेंच सामान्य माणसाच्या आयुष्यांत एखादवेळीं आला तर आला. जवळची एखादी वस्तु ठेवावी कीं टाकावी, आणि टाकावयाची तर कोणाला विचारून टाकावी, हा प्रश्न मात्र त्याच्यापुढें दर महिन्यास उभा असतो. थोर प्रसंगीं आपण कसें वागूं हें ठाऊक नसलें तरी चालतें. लहान प्रसंगीं आपण कसे वागतों हें आपल्या घरांतील माणसांना पुरतें ठाऊक असतें.

सांगलीस राहणारा माझा एक जुना विद्यार्थी यंत्रविद्येकडे वळण्यापूर्वीं दोन वर्षें माझ्या वर्गांत होता. त्याच्याजवळ एक जुनी विकत घेतलेली मोटार असून तिच्या छपराला सरकणारी कांच आहे. 'सनरूफ' या नांवानें हा प्रकार गेल्या दहाबारा वर्षांत आपल्याकडील मध्यमवर्गाच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. कामानिमित्त त्याला आठवड्यांतून दोनदां साताऱ्यास जावें लागतें. गेले दोन पावसाळे ही कांच गळूं लागली. अशा खिडकीच्या चौकटीला चारी कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात आणि कडेनें झिरपलेलें पाणी त्या गुपचूप खालीं नेऊन सोडतात. धुळीनें व पाल्यानें त्या तुंबल्या, कीं तेंच पाणी बसणाऱ्याच्या डोक्यावर येतें. नळ्या साफ करून रबर बदलावें, असें कारागिराचें मत पडलें. परंतु या गृहस्थाला शर्यतीच्या मोटारींचा नाद. त्यानें ठरविलें कीं, कांच, तिचे रूळ, तिची मोटार, नळ्या हा सारा संसारच उचलून टाकावा आणि छपराचें तोंड कार्बन-तंतूच्या पाटीनें कायमचें मिटवून घ्यावें. घरांत मतभेद झाला. तेव्हां त्यानें मला विचारलें, "सर, निरुपयोगी वजन कमी करणें हा सद्गुण नाहीं काय?"

प्रश्न यंत्राविषयीं असता तर मी त्याला वर्कशॉपांत पाठविलें असतें. तो सद्गुणाविषयीं होता, म्हणून त्याचा विचार करणें मला भाग पडलें.

प्रथम त्याचा हिशेब पाहूं. एक घन सेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें पावणेआठ ग्रॅम भरतें, कांचेचें अडीच, आणि कार्बन-तंतु व राळ यांच्या मिश्रणाचें सुमारें दीड ते पावणेदोन. अर्धा चौरस मीटर आकाराची, पांच मिलिमीटर जाडीची कांच म्हणजे सव्वासहा किलोग्रॅम झाली. तेवढ्याच आकाराची दोन मिलिमीटर जाडीची कार्बनची पाटी पावणेदोन किलोग्रॅमच्या आंत बसते. चौकट, रूळ आणि मोटार यांचा भार त्यांत मिळविला म्हणजे एकंदर बचत पंधरा किलोग्रॅम होईल असा त्याचा अंदाज. बाराशें किलोग्रॅमच्या गाडीच्या मानानें हा ऐंशीवा हिस्सा. परंतु हें वजन गाडीच्या माथ्यावर असतें, हा त्याचा खरा मुद्दा. माथ्यावरचें ओझें उतरलें कीं गुरुत्वमध्य खालीं येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. मीहि कागदपेन्सिल घेऊन गणित केलें. छप्पर जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरांवर आणि गुरुत्वमध्य पंचावन्नांवर धरला, तर तो खालीं येतो एका सेंटिमीटराच्या आसपास. यवतेश्वराच्या घाटांत एखाद्या कसलेल्या चालकाला एवढा फरक कदाचित् जाणवेल. सांगलीहून निघून पेठ नाक्यावर हमरस्त्यास लागणाऱ्या आणि उंसाच्या गाड्यांमागून सावकाश जाणाऱ्या गृहस्थाला तो जाणवण्याचें कारण नाहीं. चालकानें स्वतःच्या देहाचा भार पंधरा किलोनें उतरविला तरी गाडी तेवढीच हलकी होईल, आणि त्यासाठीं कारखान्यास एक पैसाहि द्यावा लागणार नाहीं. हा उपाय सुचविण्याइतका वडीलधारा मी आहें. परंतु स्वतःकडे पाहून तो सुचविण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

तथापि फरक अल्प आहे एवढ्यावरून इच्छा चूक ठरत नाहीं. हलकेपणाची ओढ ही मनुष्याच्या बुद्धीची एक उंच ओढ आहे. आपल्या व्याकरणकारांविषयीं अशी म्हण आहे कीं, सूत्रांत अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो. न्यायशास्त्रांत दोन उपपत्ति सारख्याच समर्थ असतील तर जिच्यांत कमी कल्पना कराव्या लागतात ती ग्राह्य. त्या गुणास लाघव म्हणतात, आणि फापटपसाऱ्याच्या दोषास गौरव. मराठींत तर 'लाघव' या शब्दानें कौशल्य आणि माधुर्य हे दोन्ही अर्थ मिळविले आहेत. हाताचें लाघव आपण वाखाणतों, लाघवी मूल आपल्याला आवडतें. यंत्रांच्या जगांतहि असेंच आहे. १९८१ सालीं मॅक्लारेन कंपनीनें शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा प्रथमच कार्बन-तंतूंचा केला, तेव्हां हा ठिसूळ पदार्थ आपटतांच भुगा होईल असें पुष्कळांना वाटत होतें. त्याच वर्षीं मोंझाच्या शर्यतींत जॉन वॉटसन याची गाडी भयंकर वेगानें आदळून दुभंगली, आणि तो स्वतः तींतून चालत बाहेर आला. तेथें हलकेपणानें वेग दिला आणि प्राणहि राखला. २००३ सालीं बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें आपल्या एका वेगवान गाडीला मुळांतच कार्बनचें छप्पर दिलें, तेंहि माथ्यावरचा भार उतरविण्यासाठींच. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत हीं उदाहरणें होतीं, आणि तीं खोटीं नव्हेत.

परंतु ज्या शास्त्रकारांनीं लाघवाची एवढी थोरवी गायिली त्यांनींच त्याला दोन मर्यादा घातल्या आहेत. पहिली ही कीं, सूत्र आंखूड व्हावें पण साधावयाचें रूप साधलेंच पाहिजे. अर्थाची हानि करून मिळविलेली अर्धी मात्रा ही बचत नव्हे. दुसरी मर्यादा त्याहून सूक्ष्म आहे. ज्या गौरवाच्या पोटीं फल आहे तें गौरव दोष मानूं नये, असें नैयायिक म्हणतात. 'फलमुख गौरव' हा त्यांचा शब्द. म्हणजे एखादी वस्तु जड आहे एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाहीं; तिच्या जडपणाच्या मुखाशीं कांहीं फल आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. यांत मी एका प्रश्नाची भर घालूं इच्छितों, कारण तर्कशास्त्राला त्याची गरज नसली तरी नीतिशास्त्राला आहे: तें फल कोणाच्या वाट्याला येतें?

हा प्रश्न किती दूर जातो हें पाहण्यासाठीं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाहेर जाण्याची जरुरी नाहीं. शाहू महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १७०८ पासून, साताऱ्याला मराठ्यांच्या राजधानीचा मान होता. त्या राज्याला ज्या फौजेनें उभें केलें तिचें सामर्थ्य हलकेपणांत होतें. जड तोफा नाहींत, तंबूंचा पसारा नाहीं. घोडा, भाला आणि पाठीशीं बांधलेली शिदोरी. पुढें १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर मराठे उभे राहिले ते गारद्यांच्या तोफा, बायकामुलें आणि यात्रेकरू यांच्यासह. आणि बुणग्यांच्या त्या ओझ्यानें घात केला, असें आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. लाघवाचा याहून मोठा विजय आणि गौरवाचा याहून मोठा पराभव कोणता? पण येथेंच थांबून विचारलें पाहिजे कीं, त्या हलक्या फौजेच्या घोड्यांनीं खाल्लें काय? स्वारानें दाणावैरण बरोबर घेतली नाहीं म्हणून घोड्याची भूक नाहींशी होत नाहीं. ती भूक वाटेवरच्या गांवांनीं भागविली. लष्कराच्या पाठीवरचें ओझें कुणब्याच्या गंजीवर गेलें, इतकेंच. शिवछत्रपतींना हें पुरतें कळत होतें. चिपळुणाकडील आपल्या लष्कराला त्यांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे; दाणा, वैरण, भाजीपाला लागेल तो बाजारांतून पैका देऊन घ्यावा, रयतेला कोणत्याहि प्रकारें तसदी देऊं नये, असा त्यांतील सक्त हुकूम आहे. हलक्या सैन्याचें वजन शेवटीं कोणाच्या अंगावर पडतें, हें ओळखणाऱ्या राजाचें तें पत्र आहे.

उलट बाजूचें उदाहरण सांगली जिल्ह्यांत आहे. औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपली वाडी वसविली. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम बाजारांत आला तेव्हां, लोखंडानें जमीन विषारी होईल या भीतीनें शेतकरी त्याला हात लावीनात, अशी हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु लांकडी नांगर जेथें नुसती जमीन खरवडीत होता तेथें लोखंडी नांगर खोल जाऊन ती उलथून टाकूं लागला, आणि शेतकऱ्याचें मत बदललें. हें नैयायिकांचें फलमुख गौरव आहे. ज्याला हलकेपणा हा स्वतःच सद्गुण वाटतो त्यानें नांगराला तो गुण लावून पाहावा.

मिरजेस जावें तर तिसराच धडा मिळतो. तेथील तंतुवाद्यांच्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचा काळ सरला, तसा त्यांचा हात तंबोऱ्याकडे आणि सतारीकडे वळला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याचा भोपळा उचलून पाहिला तर त्याचें वजन हाताला जवळजवळ लागत नाहीं. पातळ कवचांतील पोकळी हेंच त्याचें सामर्थ्य आहे. ती भरून काढली तर वाद्य मजबूत होईल आणि मुकें होईल. मोटारीच्या खिडकीचें याच्याशीं एक गमतीचें नातें आहे. भरीव छपरापेक्षां भोंक पाडलेलें छप्पर अधिक जड असतें, कारण त्या भोंकाला कांच, रूळ आणि मोटार यांचा लवाजमा लागतो. पोकळीसाठीं वजन वाहावें लागतें. मग त्या पोकळींतून कांहीं वाजतें काय, एवढेंच पाहावयाचें उरतें.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडींत त्या पोकळीचा लाभ कोणाला होत होता? त्याला स्वतःला मुळींच नाहीं. चालकाची नजर रस्त्यावर असते, आणि असावी. सांगलीच्या चैत्रवैशाखांत ती कांच डोक्यावर तव्यासारखी तापते, म्हणून वर्षाचे तीन महिने तिच्याखालचा पडदा ओढलेलाच असतो. त्याच्या मुलीला त्या खिडकीचें वेड होतें. गाडी चालत असतां तींतून डोकें बाहेर काढावयाचा तिचा हट्ट बापानें कधीं पुरविला नाहीं, हें त्यानें योग्यच केलें, कारण एका जोराच्या ब्रेकानें तो हट्ट जीवावर बेततो. घरांत मतभेद झाला म्हणतात तो या मुलीचा. ती रडली, रुसली आणि दोन दिवसांनीं विसरली. परंतु त्या गाडींत आणखी एक व्यक्ति बसत असे. त्याच्या आईचे गुडघे गेल्यापासून तिला मागच्या आसनावर रेलून, पाय लांब करूनच प्रवास करावा लागतो. साताऱ्याजवळ तिचें माहेर. महिन्यादोन महिन्यांनीं मुलाबरोबर ती तिकडे जाते. तशा अवस्थेंत बाजूच्या खिडकींतून तिला कांहीं दिसत नाहीं. पुढच्या आसनाची पाठ आणि माथ्यावरची ती चौकट, एवढेंच तिचें दृश्य जग. चौकटींतून झाडांचे शेंडे जातात, पावसाळ्यांत ढग जातात, कृष्णेचा पूल आला कीं आकाश एकदम मोकळें होतें. तिला मत विचारलें तेव्हां ती म्हणाली, "गाडी तुझी आहे बाबा, तूंच बघ."

मुलानें हें वाक्य संमति म्हणून धरलें. माझ्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म या वाक्यांत आहे. लाघवाचें मोल बहुधा जो बोलत नाहीं तो देतो. छत्रपतींचें पत्र निघालें नसतें तर वाटेवरच्या कुणब्यानें स्वाराला अडविलें नसतें. आपल्या घरांतील आईहि अडवीत नाहीं. वर्षानुवर्षें आपल्या इच्छेचें वजन कमी करीत करीत ती इतकी हलकी झालेली असते कीं, कुटुंबाच्या जमाखर्चांत ती धरण्याचेंच आपण विसरतों.

कार्बनच्या पाटीच्या बाबतींत असे न बोलणारे आणखीहि आहेत. हा काळाभोर, चकचकीत पदार्थ हातांत पिसासारखा लागतो. पण तो होतो कसा? एका कृत्रिम धाग्याला आधीं हवेंत दोनतीनशें अंश उष्णता देतात, नंतर प्राणवायु नसलेल्या भट्टींत हजार अंशांच्या वर तापवितात. या खटाटोपांत धाग्याचें सुमारें अर्धें वजन जळून जातें. एक किलो पोलादाला लागते त्याच्या कित्येक पट शक्ति एक किलो कार्बन-तंतूला लागते. पोलादाचें मोडकें छप्पर भंगारवाला घेऊन जातो आणि तें वितळून पुन्हां पोलाद होतें. या पाटीची राळ एकदां घट्ट झाली कीं पुन्हां वितळत नाहीं, त्यामुळें तिचें भंगार कोणाला नको असतें. पाटी छपराच्या मापाला कापतांना जी बारीक काळी धूळ उडते ती कातडीला खाजविते आणि श्वासाबरोबर आंत जाते. वर्कशॉपांत कापण्याचें काम ज्या मुलाकडे असतें त्याच्या तोंडावर मुखपट्टी असेलच, अशी खात्री गिऱ्हाईक करून घेत नाहीं. शिवाय कार्बनचा एक विचित्र धर्म आहे. ओलाव्यांत तो पोलादाला किंवा ॲल्युमिनियमला थेट भिडला तर स्वतः जसाच्या तसा राहून शेजारच्या धातूला गंजवितो. म्हणून जाणते कारागीर मध्यें कांचतंतूचा किंवा गोंदाचा अंतरपाट धरतात. रसायनशास्त्रांतील ही साधी गोष्ट मला मोठी बोधप्रद वाटते. आपला हलकेपणा शाबूत राखून शेजाऱ्याला गंजविणें मनुष्यांनाहि चांगलें साधतें.

कायद्याचेंहि एक वजन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें वाहनांत करूं नये; २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. नीट चिकटविलेली पाटी कदाचित् छपराला बळकटीहि देईल; पण गाडी उलटली असतां तें छप्पर कसें वागेल याची परीक्षा कारखान्यानें जशी घेतलेली असते तशी या घरगुती छपराची कोणीहि घेतलेली नसते. तेव्हां परिवहन कार्यालयांत विचारल्याशिवाय करवत लावूं नये, एवढें तरी निश्चित.

कोणी म्हणेल, इतका विचार करूं लागलें तर माणसाच्या हातून कांहींच टाकलें जाणार नाहीं, आणि त्याच्या घराची वखार होईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच टाकण्याचें शास्त्र सांगणाऱ्यांकडे वळलें पाहिजे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहानें केलेला त्याग तामस, शरीराला कष्ट होतील या भयानें केलेला राजस, आणि कर्तव्य करीत असतां आसक्ति व फल सोडणें तो सात्त्विक. टाकलेली वस्तु किती जड होती याची चौकशी तेथें कोठेंच नाहीं. चौकशी आहे ती टाकणाऱ्याच्या मनाची. गळक्या नळ्या साफ करण्याचा कंटाळा म्हणून जो खिडकीच काढून टाकतो त्याचा त्याग कोणत्या वर्गांत बसतो, हें सांगावयास नकोच. आणि फॅशनीसाठीं केलेला त्याग तर त्यागच नव्हे. तेथें एक वस्तु जाऊन तिच्या जागीं तिच्याहून महाग अशी दुसरी येते, आणि मालकाच्या अभिमानाचें वजन पाटीच्या वजनापेक्षां फार वाढतें.

सांगली, कोल्हापूर, बेळगांव या भागांत दिगंबर जैन मुनींचा विहार आपण पाहतों. डांबरी रस्त्यावरून, मोटारींच्या कडेकडेनें ते अनवाणी चालत जातात. अपरिग्रहाची याहून पुढची पायरी कल्पनेला सुचत नाहीं. वस्त्रसुद्धां त्यांनीं ओझें म्हणून टाकलेलें असतें. तरीहि त्यांच्या हातांत मोरपिसांची पिंछी असते आणि ती त्यांनीं टाकलेली नसते. बसण्यापूर्वीं जागा हलक्या हातानें झाडावी, मुंगीकिड्याला इजा होऊं नये, यासाठीं ती आहे. ज्यानें स्वतःसाठीं कांहींहि ठेवलें नाहीं त्यानें दुसऱ्याच्या जीवासाठीं एक वस्तु ठेवली. मला वाटतें, किती हलकें व्हावें या प्रश्नाची सीमारेषा त्या पिंछीपाशीं आहे. जें ओझें केवळ माझ्यासाठीं आहे तें मी वाटेल तेव्हां टाकावें, आणि जितक्या लौकर टाकीन तितकें बरें. जें मी दुसऱ्यासाठीं वाहतों तें टाकण्याचा अधिकार एकट्या माझा नाहीं.

सार्वजनिक जीवनांतहि ही सीमा पाळतां येते, हें आपल्याच भागानें दाखविलें आहे. २०२० सालीं मिरज तालुक्यांतील भोसे येथें हमरस्त्याच्या कामांत सुमारें चारशें वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा एक वड आड आला. सरळ रस्ता हें लाघव. वड तोडला असता तर तें साधलें असतें. परंतु लोकांनीं आवाज उठविला, आणि त्या वडासाठीं रस्त्याची आंखणी बदलण्याचा निर्णय झाला. वळणाचें तें गौरव सरकारनें पत्करलें, कारण त्याच्या मुखाशीं फल होतें, आणि तें फल एकट्या कोणाच्या मालकीचें नव्हतें. वड स्वतः कांहीं बोलला नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारे भेटले.

माझ्या विद्यार्थ्याला मीं काय सांगितलें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. शर्यतीसाठीं, एकट्यानें चालविण्यासाठीं घेतलेली गाडी असती तर, परिवहन कार्यालयाची संमति आणि कापणाऱ्या मुलाच्या तोंडावरची मुखपट्टी यांची तजवीज करून त्यानें खुशाल पाटी बसवावी. तें निर्मळ लाघव झालें असतें आणि मला त्याचें कौतुकच वाटलें असतें. पण ही गाडी कुटुंबाची आहे. तिच्या माथ्यावरचे ते पंधरा किलो एका म्हाताऱ्या बाईच्या वाटच्या आकाशाचें वजन आहे, आणि तेवढें तें इंजिनानें वाहावें. नळ्या साफ कराव्या, रबर बदलावें, आणि वर्षाकांठीं हें काम पावसाळ्यापूर्वीं स्वतःच्या हातानें करीत जावें. वजन उतरविण्याची हौस फारच असेल तर गाडीच्या मागच्या कप्प्यांत गाणीं वाजविणाऱ्या पेट्या आहेत, त्यांपासून आरंभ करावा. त्यांचें फल रस्त्यावरच्या साऱ्या लोकांच्या वाट्याला येतें, आणि त्यांपैकीं कोणीहि तें मागितलेलें नाहीं.

हें त्याला पटलें कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें कीं, आई स्वतः कांहीं म्हणत नसतां तिच्या मनांत असेल तें मीं कसें ओळखावें? प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर व्याकरणांत किंवा न्यायांत सांपडणार नाहीं. एकदां दुसऱ्या कोणाला गाडी चालवावयास द्यावी आणि आपण मागें, तिच्याप्रमाणेंच रेलून, सांगलीपासून साताऱ्यापर्यंत जावें. पुढच्या आसनाची पाठ आणि ती चौकट यांखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं अशा ठिकाणीं तीन तास काढल्यावर, कोणतें वजन निरुपयोगी आणि कोणतें नाहीं, हें सांगण्यासाठीं त्याला माझी गरज लागणार नाहीं.